नक्कल आणि पडताळा

अलीकडे घरोघरीं एक तरी हार्ड डिस्क असते. तींत लग्नामुंजींचीं छायाचित्रें, आजीआजोबांचे ध्वनिमुद्रित बोल, मुलांच्या प्रमाणपत्रांच्या प्रती सांठविलेल्या असतात. जुनी डिस्क कुरकुरूं लागली कीं नवी आणावयाची, भला मोठा फोल्डर एकीवरून दुसरीवर न्यावयाचा, आणि पडद्यावरील पट्टी भरतांच जुनी डिस्क पुसून मोकळें व्हावयाचें, असा प्रघात पडला आहे. हा प्रघात आम्हांस घातक वाटतो.

पट्टी भरली याचा अर्थ इतकाच, कीं संगणकानें आपल्याकडून मजकूर पाठविला. तो जसाचा तसा उतरला कीं नाहीं, हें विंडोजमधील नेहमींची रीत पुन्हां वाचून पाहत नाहीं. कित्येकदां शेवटचा भाग संगणकाच्या स्मृतींतच रेंगाळत असतो, आणि आपण घाईनें केबल ओढून काढतों. सैल केबल, सदोष स्मृति, मध्येंच गेलेली वीज, यांपैकीं कशानेंहि फाईल बिघडते. तिचें नांव तेंच राहतें, कधीं कधीं आकारहि तोच राहतो; आंत मात्र भलतेंच असतें.

नकलेचें हें भय जुनेंच आहे. श्रीएकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो प्रतींत अपपाठ शिरले होते म्हणूनच. जुन्या कराराच्या इब्री पोथ्या जपणारे मसोरेट पंडित तर वचनें व शब्द मोजून त्यांची नोंद ठेवीत. संगणकांत हेंच काम चेकसम करतो. एसएचए-२५६ या रीतीनें फाईलीची ६४ चिन्हांची खूण निघते. फाईल दोन पानांची असो वा दोन तासांच्या चित्रपटाची. एक बिट जरी पालटला, तरी खूण पार बदलून जाते. दोन्हीकडील खुणा जुळल्या, तरच नक्कल झाली असें आम्ही म्हणूं. विंडोजमध्यें सर्टयुटिल ही आज्ञा अशी खूण काढून देते. आरसिंक हें १९९६ सालापासूनचें साधन चेकसमचा पर्याय देऊन पुन्हां चालविल्यास न जुळणाऱ्या फाईली आपणच हुडकून काढतें. मात्र त्यापूर्वीं नवी डिस्क रीतसर बंद करून पुन्हां जोडावी. नाहीं तर संगणक स्मृतींतलाच मजकूर वाचून खोटा दिलासा देण्याचा संभव असतो. 'कट' करून 'पेस्ट' करणें तर सर्वस्वी वर्ज्य समजावें.

यांत वेळ जातो, हा आक्षेप खरा आहे. १ टीबी मजकूर सेकंदास १०० एमबी या वेगानें वाचावयाचा, तर सुमारें पावणेतीन तास लागतात. पण ते तास यंत्राचे आहेत. पालकांनीं काम लावून खुशाल निजावें.

एक गोष्ट चेकसमलाहि साधत नाहीं. मूळ फाईलच बिघडलेली असेल, तर बिघाडाचीच हुबेहूब नक्कल होते. म्हणून फाईली धड उघडत आहेत तोंवरच खुणांची यादी करून ठेवावी. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं येत्या सुटींत घरचा एक तरी फोल्डर या रीतीनें उतरवून पाहावा, आणि किती फाईली जुळल्या नाहींत तें पुढील अंकासाठीं आम्हांस लिहून कळवावें. तोंपर्यंत जुनी डिस्क कपाटांतच राहूं द्यावी.