भगवान बुद्धांचा चेहरा कोणता?

पेशावरच्या परिसरातील गांधार शिल्पांत बुद्धांचे केस लहरदार व वस्त्र ग्रीक-रोमन घाटाचे आहे. मथुरेचे बुद्ध यक्षासारखे भरदार आहेत. जपानमधील होर्यूजी मंदिरातील इ. स. ६२३ च्या मूर्तीचा चेहरा लांबट, चिनी वळणाचा आहे. यांपैकी खरा कोणता? एकही नव्हे. बुद्धांचे समकालीन चित्र उपलब्ध नाही. सांचीच्या तोरणांवर तर त्यांचे अस्तित्व बोधिवृक्ष, रिक्त आसन व पदचिन्हे यांनीच सुचविले आहे. पुढे मूर्ती घडू लागल्या, तेव्हा ज्या त्या शिल्पकाराने आपल्या लोकांना पूज्य वाटणारे रूप त्यांना दिले. मस्तकावरील उष्णीष, लांब कान व हातांच्या मुद्रा मात्र बहुधा सर्वत्र त्याच राहिल्या. म्हणून परदेशी मूर्ती पाहून ‘हे आमचे बुद्ध नव्हेत’ असे कोणी म्हणू नये. अभय देण्यासाठी उचललेला तो हात सर्वांच्याच ओळखीचा आहे.