मालेगाव ‘बाह्य’ म्हणजे नक्की कशाच्या बाहेर?

आयर्लंडच्या वेक्सफर्ड परगण्यात बॅनो नावाचं गाव होतं. समुद्राची वाळू आत सरकत गेली आणि गाव तिच्याखाली गाडलं गेलं. माणसं उठून गेली, घरं उरली नाहीत. डब्लिनच्या संसदेत मात्र या गावाचे दोन प्रतिनिधी 1800 पर्यंत बसत होते, कारण मतदारसंघ एका बड्या जमीनदाराच्या खिशात होता. 1801 मध्ये आयर्लंड ब्रिटनला जोडला गेला आणि असे मतदारसंघ रद्द झाले. तेव्हा दर मतदारसंघामागे 15,000 पौंडांची भरपाई मिळाली. मतदारांना नव्हे, मालकांना!

आता नाशिक जिल्ह्यात या. मालेगाव तालुक्यातलं दाभाडी. इथे उलटं झालं. गाव जागेवर आहे, माणसं आहेत, मतदार आहेत, गेला तो मतदारसंघ. 2008 च्या फेररचनेत ‘दाभाडी’ हे नाव विधानसभेच्या यादीतून पुसलं गेलं आणि त्याजागी आलं ‘मालेगाव बाह्य’. शहराचा तो ‘मध्य’, बाकीचे सगळे ‘बाह्य’. कुणीतरी टेबलावर बसून गावंच्या गावं बाहेरची ठरवली, आणि आपण ते निमूटपणे आधार कार्डाच्या पत्त्यासारखं स्वीकारलं.

‘नावात काय आहे’ असं म्हणणाऱ्यांनी दाभाडीचा शेवटचा निकाल आठवावा. हिरे घराण्याचा हा बालेकिल्ला. पुष्पाताई हिरे इथूनच आमदार झाल्या, त्यांच्यामागून प्रशांत हिरे. 2004 मध्ये याच मतदारांनी अपक्ष दादाजी भुसे यांना निवडून दिलं. बॅनोच्या जमीनदाराला असा धक्का कुणी देऊच शकत नव्हतं, कारण तिथे मतदारच नव्हते. दाभाडीत होते, आणि त्यांनी तो दिला. पुढच्या निवडणुकीपर्यंत मतदारसंघाचं नाव आणि हद्द दोन्ही बदललेलं होतं. यात कट होता असं मी म्हणत नाही. पण लोकांना कुणी विचारलं होतं का, एवढं तरी विचारू द्या.

त्याच फटक्यात मालेगाव लोकसभा मतदारसंघही गेला. आदिवासींसाठी राखीव असलेल्या या जागेत कळवण-सुरगाण्याचा पट्टा होता, बागलाण होतं आणि मालेगावही. आता कळवण दिंडोरीत. मालेगावचे दोन्ही भाग आणि बागलाण मात्र धुळे लोकसभेत! म्हणजे कलेक्टर नाशिकचा, जिल्हा परिषद नाशिकची, खासदार धुळ्याचा. पाण्याचा प्रश्न घेऊन कुठल्या दिशेच्या एसटीत बसायचं, हे आधी ठरवावं लागतं.

मग 2024 उजाडलं. धुळ्यात काँग्रेसच्या शोभा बच्छाव 3,831 मतांनी जिंकल्या. बाकी पाचही विधानसभा क्षेत्रांत भाजपचे सुभाष भामरे पुढे होते, आणि एकट्या मालेगाव मध्यने सुमारे 1 लाख 94 हजारांची आघाडी देऊन सगळं फिरवलं. लगेच ‘व्होट जिहाद’ची ओरड सुरू झाली. अहो, मालेगावच्या यंत्रमाग कामगारानं स्वतःला धुळ्यात ढकलून घेतलं होतं का? त्याच्या हातात नकाशा नव्हता, फक्त मत होतं. ते त्यानं दिलं. एखाद्या घराण्याच्या किंवा जातीच्या पट्ट्यात एकगठ्ठा मतदान झालं की आपण त्याला बालेकिल्ला म्हणतो. इथे शब्द बदलला. ज्यांना निकाल खुपला, त्यांनी मतदाराला दोष देण्याआधी 2008 ची रेघ तपासायची होती.

ही रेघ कोण मारतं? फेररचना आयोग. गेल्या वेळी अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग. प्रत्येक राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य असतात. त्यांना मताचा अधिकार नसतो, पण बोलायला जागा असते. तुम्हा-आम्हाला असतो मसुद्यावर हरकत घेण्याचा हक्क, तोही गॅझेट वाचलं तर. आणि गॅझेट कोण वाचतं? अंतिम आदेश विधानसभेपुढे ठेवतात, पण तिला त्यात काना-मात्राही बदलता येत नाही. कोर्टाची वाट घटनेच्या कलम 329 ने अडवलेली. 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने उघड मनमानी असेल तर दखल घेता येईल असं म्हटलं, म्हणजे दार जरासं किलकिलं झालं, एवढंच.

हे जुनं उकरून काढायचं कारण जवळ आलंय. जागांची संख्या 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली होती, आणि जनगणनेची संदर्भ तारीख जाहीर झाली आहे 1 मार्च 2027. 2023 च्या घटनादुरुस्तीनं महिला आरक्षणही फेररचनेलाच बांधलं. उत्तर विरुद्ध दक्षिण या भांडणावर टीव्हीवाले रात्री जागवतील. आपल्या तालुक्याची रेघ कुठून जाणार, यावर एकही चर्चा होणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे. पुढचा मसुदा मराठीत, नकाशासकट, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. सुनावणी मुंबईच्या एखाद्या सभागृहात उरकू नका. ती मालेगावात घ्या, सटाण्यात घ्या, कळवणात घ्या. आणि ‘बाह्य’ हा शब्द वगळून दाभाडीचं नाव परत लावा.