‘मुस्लिम असूनही...’

काही वर्षांपूर्वी शहापूरला एका वक्तृत्व स्पर्धेसाठी आम्ही उर्दू माध्यमाच्या मुली घेऊन गेलो होतो. आमची सातवीतली एक मुलगी पाणीटंचाईवर बोलली. भातसा आणि तानसा आपल्या तालुक्यात, त्यांचं पाणी मुंबईला आणि चैत्र-वैशाखात आपल्या पाड्यांवर टँकर, हे तिनं असं मांडलं की टाळ्या थांबेनात. बक्षीस देताना पाहुणे म्हणाले, “मुस्लिम असूनही किती छान मराठी बोलली!”

हेतू कौतुकाचाच होता. पण मुरबाडकडे परतताना एस.टी.त तिनं विचारलं, “सर, ‘असूनही’ का म्हणाले?” आम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलो.

मराठी ही भाषा, इस्लाम हा धर्म. ‘मराठी आणि मुस्लिम’ अशी जोडी लावणं म्हणजे आंबा आणि सोमवार अशी जोडी लावणं. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला, तो काही ‘असूनही’ लिहिला नाही. आणि पाहुण्यांच्या हातातलं ते ‘बक्षीस’ मुळात फारसी. ते वाटताना त्यांना कुणी ‘हिंदू असूनही’ म्हणालं नाही!

दुसरा शब्द ‘फतवा’. वर्तमानपत्रांत पक्षाचा फतवा, साहेबांचा फतवा. आमच्या शिक्षकबांधवांनाही निवडणुकीच्या कामाचा ‘फतवा’ येतो. वास्तविक फतवा म्हणजे कुणी धर्मविषयक प्रश्न विचारल्यावर मुफ्तीनं अभ्यासून दिलेलं मत. विचारणाऱ्याला ते पटलं नाही तर तो दुसऱ्या मुफ्तीकडे जाऊ शकतो. फतवा कायद्यानं कुणावर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयानंही 2014 साली स्पष्ट केलं. मनमानी आदेशासाठी ‘हुकूम’ आणि ‘फर्मान’ हे दोन उत्तम शब्द मराठीत शेकडो वर्षं आहेत, तेही आमच्याच बाजूनं आलेले. ते वापरा की!

‘मुस्लिम धर्म’ तर रोजचंच. धर्माचं नाव इस्लाम, मुस्लिम म्हणजे तो मानणारा माणूस. पुढे मोहरम. इ.स. 680 मध्ये करबलाला इमाम हुसैन शहीद झाले, त्या दहाव्या दिवशी चौकात फलक लागतो, ‘मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा’. पहिल्या मोहरमला हिजरी नवं वर्ष लागतं, तेव्हा कुणी शुभेच्छा दिल्या तर एक वेळ समजू. दहाव्याला कसल्या? फलकावर आमच्या तरुणांचेही हसरे फोटो असतात, हे लिहिताना लाज वाटते.

मात्र कान तिखट असला म्हणजे प्रत्येक शब्दावर रुसावं असं नाही. अजानला गावकरी ‘बांग’ म्हणतात म्हणून आमच्यातले काही चिडतात, कोंबड्याची बांग आठवते म्हणे. अहो, बांग म्हणजे फारसीत हाक, पुकार. अल्लामा इकबालांच्या 1924 च्या संग्रहाचं नावच ‘बांग-ए-दरा’ आहे. गावकऱ्यांचं काही चुकलेलं नाही.

चुकतं ते आमच्या घरात. पालक सभेला या म्हटलं की उत्तर येतं, “इन्शाअल्लाह!” आणि आम्ही समजतो की हे येणार नाहीत. ज्या शब्दानं वचनाला अल्लाहच्या मर्जीची साक्ष लावायची, तो न येण्याचा निरोप झाला आहे. आणि शेजारच्या कुणबी-आगरी कुटुंबाबद्दल बोलताना आपण सर्रास म्हणतो, “वो मराठी लोगां हैं.” मग आपण कोण? ‘असूनही’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना ही फाळणी आपणच पुरवली.

हा लेख मनात घोळत असतानाची गोष्ट. खो-खोचा सामना ठरला होता. आम्ही वर्गात सांगून गेलो, “उद्या मराठी मुलींशी खेळायचं आहे.” मागच्या बाकावरून त्याच मुलीच्या धाकट्या बहिणीनं हात वर केला.

“सर, मग आम्ही कुठल्या?”