निधी जनतेचा, नाव खासदाराचे

गावातील बसथांब्याचा निवारा असो, समाजमंदिर असो की व्यायामशाळा असो. ‘अमुक खासदारांच्या स्थानिक विकास निधीतून’ असा फलक तेथे हमखास झळकतो. जणू हा पैसा त्यांनी पदरचा घातला! वस्तुतः तो करदात्याचा असतो.

ही योजना २३ डिसेंबर १९९३ रोजी नरसिंह राव सरकारने जाहीर केली. त्याच वर्षी पंचायती आणि नगरपालिकांना घटनात्मक अधिकार देणाऱ्या ७३व्या व ७४व्या घटनादुरुस्त्या अमलात आल्या होत्या. एका हाताने ग्रामसभेला अधिकार द्यायचा आणि दुसऱ्या हाताने गावच्या गटाराचे काम दिल्लीच्या खासदाराकडे सोपवायचे, असा हा विरोधाभास!

या बाबतीत कोणताही पक्ष धुतल्या तांदळासारखा नाही. १९९४-९५ मध्ये प्रतिखासदार एक कोटी रुपये असलेला हा निधी वाजपेयी सरकारच्या काळात १९९८-९९ पासून दोन कोटी झाला आणि मनमोहनसिंग सरकारने २०११-१२ मध्ये तो पाच कोटींवर नेला. एरवी एकमेकांवर तुटून पडणारे पक्ष येथे मात्र एकमुखी असतात.

न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००२ मध्ये आणि वीरप्पा मोईली यांच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ मध्ये ही योजना बंद करण्याची शिफारस केली. डिसेंबर २००५ मध्ये तर या निधीतील कामांसाठी टक्केवारी मागणारे खासदार छुप्या चित्रीकरणातून देशाने पाहिले. तरीही योजना टिकली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती घटनाबाह्य नसल्याचा निर्वाळा दिला, हे खरे. परंतु जे घटनाबाह्य नाही ते सारे हितकारकच असते काय?

काम खासदार केवळ सुचवितो, मंजुरी जिल्हा प्रशासन देते, असा युक्तिवाद केला जातो. पण खासदाराची शिफारस डावलण्याचे धैर्य किती अधिकारी दाखवतील? महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ येतात. तेथील शेकडो गावांत पाच कोटी वाटताना निकष गरजेचा लागतो की गठ्ठा मतांचा, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

खरी हानी पैशापेक्षा मोठी आहे. शासनाच्या खर्चाचा जाब विचारणे हे संसदेचे कर्तव्य. जाब विचारणाराच खर्च करू लागला, तर त्याला जाब कोणी विचारायचा? एप्रिल २०२० मध्ये कोरोनामुळे हा निधी थांबविण्यात आला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाला. मधल्या काळात संसदेचे कोणते काम या निधीवाचून अडले?

हा पैसा थेट ग्रामपंचायती व नगरपालिकांना द्यावा, म्हणजे ग्रामसभेत त्याचा हिशेब मागता येईल. आणि सुजाण मतदाराने मत मागायला येणाऱ्यास, मग तो आपल्या विचारांचा का असेना, किती फलक लावले हे न विचारता संसदेत किती प्रश्न विचारले, हेच विचारावे. लोकप्रतिनिधी हा जनतेचा विश्वस्त आहे, कंत्राटांचा वाटपकर्ता नव्हे.