इंग्रजी शिकणे आणि इंग्रजीतून शिकणे

जून महिना उजाडला की मुखेड तालुक्याच्या रस्त्यांवर पिवळ्या गाड्या धावू लागतात. वाड्यातांड्यांवरची चिमुरडी मुले गळ्यात टाय अडकवून त्यांत कोंबली जातात. सोयाबीन विकून शुल्क भरणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला वाटते, लेकराचे भाग्य उघडले. त्याला दोष देण्याचे कारण नाही. मुलाला इंग्रजी यावे, ही त्याची इच्छा रास्तच आहे. दोष आहे तो, या इच्छेच्या बदल्यात त्याला इंग्रजी माध्यम विकणाऱ्यांचा.

या व्यापाराला विद्वत्तेचे अधिष्ठानही लाभले आहे. जेम्स टूली या ब्रिटिश संशोधकाने हैदराबादच्या जुन्या शहरातील स्वस्त खासगी शाळांचा अभ्यास करून २००९ मध्ये ‘द ब्युटिफुल ट्री’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. गरीब पालक सरकारी शाळा सोडतात ते शहाणपणानेच, हा त्यांचा निष्कर्ष. पुस्तकाचे नाव मात्र उसने आहे. इंग्रजांनी येथील देशी शिक्षणाचा वृक्ष मुळापासून उखडला, असे महात्मा गांधींनी १९३१ मध्ये लंडनमध्ये सुनावले होते. तेच रूपक घेऊन धरमपाल यांनी १९८३ मध्ये देशी शाळांचा इतिहास मांडला. त्या शाळा लोकांच्या पैशावर चालत हे खरे, पण त्या मुख्यतः लोकांच्या भाषेत चालत. एवढी गोष्ट वगळली की वृक्षाची सावली कोणत्याही दुकानावर पाडता येते!

टूलींच्या पुस्तकाचे दाखले देणारे दुसऱ्या एका संशोधनाबद्दल सहसा मौन पाळतात. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात २००८ पासून चार वर्षे, १८० गावांत, कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी सोडत काढून गरीब मुलांना खासगी शाळांत पाठवले. चार वर्षांनी ही मुले तेलुगू आणि गणितात सरकारी शाळेतल्या मुलांच्या पुढे नव्हती. हिंदीत ती ठळकपणे पुढे गेली, कारण सरकारी शाळांत त्या वयात हिंदी शिकवलीच जात नव्हती. खासगी शाळांचा दरडोई खर्च सरकारीच्या सुमारे एक तृतीयांश होता, हेही मान्य केले पाहिजे. परंतु खासगी शाळांतही इंग्रजी माध्यमात पडलेल्यांपेक्षा तेलुगू माध्यमातली मुले सरस ठरण्याकडे कल दिसला, याचे काय?

मुखेडच्या तांड्यावरच्या मुलाची स्थिती याहून बिकट. घरी गोरबोली, गावात मराठी. त्यावर भागाकारही इंग्रजीतून! शिकवणाऱ्या ताईंचे स्वतःचे शिक्षण बहुधा मराठीतून झालेले. मग गाईडमधली उत्तरे फळ्यावर उतरतात, तेथून वहीत, आणि पाठ होऊन उत्तरपत्रिकेत. इंग्रजी हा विषय तर महाराष्ट्रात २००० पासून पहिलीलाच सक्तीचा आहे. तो नीट शिकवणारा शिक्षक प्रत्येक जिल्हा परिषद शाळेला देण्याऐवजी शासनाने २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा करून आपला भार हलका करून घेतला.

मराठवाड्याने तरी हे निमूटपणे पाहावे का? निजामी राजवटीत माध्यमिक शिक्षण उर्दूतून होते. तेव्हा येथील लोकांनी पदरमोड करून शाळा काढल्या त्या मातृभाषेसाठी आणि राष्ट्रभावनेसाठी. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. तेथे आणि पुढे अंबाजोगाईला शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढे मुक्तिसंग्रामाचे सेनापती झाले. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाच्या परिसरात आज खासगी शाळेचा अर्थ पार उलटला आहे आणि पुढारी त्याच शाळांच्या फिती कापत फिरतात.

या उलथापालथीची किंमत शुल्क भरणारे पालक तर मोजतातच. न भरणारे अधिक मोजतात. जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकांची पदे पटसंख्येवर ठरतात. पिवळ्या गाडीतून दहा मुले गेली की गावातला एक शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो. मागे उरतात ती दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले. आई-बाप कारखान्याच्या फडात, मुले आजीपाशी, आणि चार इयत्तांना मिळून एकच गुरुजी.