पाणी थांबवू शकणारा कंट्रोलर निवडावा

लखनौपासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेले मलिहाबाद दशहरी आंब्यासाठी देशभर ओळखले जाते. ‘मलिहाबादी दशहरी’ला भौगोलिक मानांकन लाभले असून भारतीय कृषी संशोधन परिषदेची केंद्रीय उपोष्ण फलोत्पादन संस्था याच परिसरात रहमानखेडा येथे कार्यरत आहे. अशा भागात घराच्या आवारात आंब्याची दोन-चार जुनी झाडे असणे स्वाभाविकच. त्याच आवारात हिरवळ, गुलाबाच्या कुंड्या आणि भाजीपाल्याचे वाफेही असतात. दिवे व पंखे मोबाईलवरून चालविणाऱ्या घरांतून आता बागेच्या पाण्यासाठीही स्वयंचलित कंट्रोलर बसविले जात आहेत. या उपकरणाची निवड मात्र बहुधा एकाच निकषावर होते: ते पाणी किती सहजपणे सुरू करते. आंब्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. ते पाणी कितपत शिस्तीने थांबवते?

उत्तर भारतात दशहरीला साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये मोहोर येतो आणि फळ जूनच्या सुमारास तयार होते. मोहोराची पूर्वतयारी हिवाळ्यातच सुरू होते. थंडीमुळे पक्व फांद्यांच्या शेंड्यांवर मोहोराचे डोळे तयार होतात आणि जमिनीतील कोरडेपणा त्या प्रक्रियेला साथ देतो. या काळात भरपूर पाणी मिळाल्यास झाडाचा कल मोहोराऐवजी नवीन पालवीकडे झुकतो. म्हणूनच फळ देणाऱ्या आंब्याचे पाणी मोहोरापूर्वी दोन ते तीन महिने तोडण्याची शिफारस केली जाते. फळधारणेनंतर, कैरी वाढत असताना, नियमित पाणी पुन्हा सुरू करावयाचे असते. दशहरी मुळातच वर्षाआड फळणारी जात आहे. बहाराच्या वर्षी मोहोर हुकला, तर पुढील भरघोस फळासाठी दीर्घ काळ थांबावे लागते.

महाराष्ट्रातील बागायतदारांना हे तत्त्व नवे नाही. विदर्भातील संत्रा उत्पादक मृग बहारासाठी उन्हाळ्यात आणि अंबिया बहारासाठी हिवाळ्यात बाग ताणावर सोडतात. डाळिंब उत्पादकही ताण दिल्याशिवाय बहार धरत नाहीत. ताण देणे म्हणजे झाडाकडे दुर्लक्ष करणे नव्हे. तो विचारपूर्वक केलेला मशागतीचा भाग आहे. हे ज्ञान ज्याच्या मनात पक्के असते, त्याच्याच अंगणातील यंत्र मात्र ते विसरू शकते.

येथे ओलावा मोजणाऱ्या सेन्सरचा दाखला दिला जाईल. केवळ घड्याळावर चालणाऱ्या कंट्रोलरपेक्षा सेन्सरयुक्त कंट्रोलर पाण्याची बचत अधिक चांगली करतो, यात शंका नाही. पाऊस पडून गेल्यावरही पाणी सोडण्याचा वेडेपणा तो करीत नाही. तथापि जमीन कोरडी आहे एवढेच सेन्सर सांगतो. झाडाला या घडीला पाणी द्यावे की नाही, हे तो सांगू शकत नाही. डिसेंबरमध्ये कोरडी माती पाहून तो झडप उघडेल आणि नेमका नको तेव्हा ताण मोडेल. हवामानावरून बाष्पोत्सर्जनाचा अंदाज बांधून पाणी देणाऱ्या कंट्रोलरलाही हीच मर्यादा लागू पडते.

यावरून निवडीचे निकष ठरतात. पहिला निकष स्वतंत्र झडपांचा. कुंड्या, हिरवळ व भाजीपाला यांना हिवाळ्यातही पाणी लागते. तीच गोष्ट फळावर न आलेल्या लहान कलमांची. त्यामुळे मोठ्या आंब्यांसाठी वेगळी नळी, वेगळी झडप आणि वेगळे वेळापत्रक असलेच पाहिजे. दुसरा निकष महिनावार बंदीचा. एखादी झडप ठरावीक महिन्यांत, सेन्सरने काहीही सांगितले तरी, बंद ठेवण्याची सोय कंट्रोलरमध्ये असावी. तिसरा निकष खंडित विजेचा. वीज गेल्यावर घड्याळ व वेळापत्रक पुसले जाऊ नये, त्यासाठी बॅटरीचा आधार असावा. इंटरनेट बंद पडले तरी काम चालू राहावे. आणि वीजपुरवठा तुटताच आपोआप बंद होणारी झडप वापरावी. चौथा निकष हाताने चालविण्याच्या सोयीचा. कडाक्याच्या थंडीत धुक्याची, हिमतुषाराची रात्र संभवत असेल, तर कोवळी कलमे वाचविण्यासाठी हलके पाणी द्यावे लागते. तो निर्णय माणसानेच घ्यावयाचा असतो.

सेन्सरची जागाही तितकीच महत्त्वाची आहे. तो बुंध्याशी किंवा थेट ड्रिपरखाली बसविल्यास वाचन फसवे येते. अन्न शोषणारी मुळे जेथे असतात, त्या फांद्यांच्या पसाऱ्याखालील भागात, सुमारे ३० सेंटिमीटर खोलीवर तो असावा. गाळणी वेळच्या वेळी स्वच्छ न केल्यास उत्तमोत्तम कंट्रोलरही तुंबलेल्या ड्रिपरपुढे हतबल ठरतो.

साध्या घड्याळाचा, चार झडपांचा कंट्रोलर महागड्या सेन्सरयुक्त संचापेक्षा अनेक घरांना अधिक उपयुक्त ठरू शकतो, ही बाब विस्तार कार्यकर्त्यांनी निःसंकोचपणे मांडावी. मात्र आंब्याची झडप पावसाळा संपताच बंद करून, फळे वाटाण्याएवढी झाल्यावरच उघडण्याची खूणगाठ घरमालकाने बांधली पाहिजे. शिफारस करताना उपकरणाच्या माहितीपत्रकाआधी आवारातील झाडांची यादी हाती घ्यावी आणि प्रत्येक झाडापुढे पाण्याचे व ताणाचे महिने लिहावेत. ते कोष्टक ज्या कंट्रोलरमध्ये जसेच्या तसे भरता येईल, तोच त्या घरासाठी योग्य. मोबाईलच्या पडद्यावर कितीही आकर्षक आलेख दिसत असले, तरी दशहरीचा मोहोर त्या कोष्टकातील रिकाम्या महिन्यांवरच अवलंबून असतो.