राजम्यावांचून ‘चिली’

अमेरिकेंत ‘चिली’ म्हणजे नुसती मिरची नव्हे. तें बहुधा गोमांसाचें कालवण होय, हें तिकडे गेलेल्या मुलामुलींनीं आधीं जाणावें. हॉट डॉग व बर्गर यांवरील चिलींत बहुधा राजमा नसतो. तो पावांतून घरंगळतो. तिकडे पुष्कळ गृहिणी खिमा न परततां कच्चाच थंड पाण्यांत मोकळा करितात. त्यानें तो बारीक राहतो. मग टोमॅटो, मिरचीपूड, जिरें व लसूण घालून मंदाग्नीवर आटवितात. शाकाहारी घरीं आम्ही सुचवितों कीं, बारीक चिरलेलीं अळंबीं व अक्रोड तेलांत परतून, तोच मसाला घालून, चमच्यावरून ओघळणार नाहीं इतकें दाट करावें. विकतच्या डब्यावर मात्र ‘राजमाविरहित’ एवढेंच वाचून विसंबूं नये.